अमेरिकेतल्या नवाहो आदिवासी लोकांचं चांदीचं कडं आणि फिरोजाची अंगठी, दहा महिने घालून मग लिहिते आहे

आधी किंमत सांगून टाकते, कारण गावात ज्यानं ज्यानं हातात घेऊन पाह्यलं त्यानं पहिला प्रश्न तोच केला. कडं १८० डॉलर आणि अंगठी ६५ डॉलर. कड्याचेच आपले पंधरा हजाराच्या वर झाले. आमच्या ह्यांनी आकडा ऐकला आणि लगेच सरकीच्या थैल्यांत हिशोब लावला, नऊशेची एक धरली तर सोळा-सतरा थैल्या मनगटात घालून फिरतेस म्हणे. भाच्यानं प्रेमानं आणलं, माझा एक रुपया लागला नाही, तरी त्या थैल्या ते अजून विसरले नाहीत.

आम्ही आर्णी तालुक्यातले, यवतमाळ जिल्हा. दहा एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर, आणि मी घरी ब्लाउज शिवते. दागिन्यातलं फार कळतं असं नाही पण चांदी लहानपणापासून पाहते आहे, आजीच्या पायात वाळे होते, आईच्या हातात गोठ, आणि आमच्या सासूबाई तर चांदी म्हटलं की पहिले खामगावची का हेच विचारतात.

तर मुळात हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं कसं ते सांगते. मागच्या वर्षी मोबाईलवर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो दिसला, अमेरिकेतली आदिवासी बाई, मखमलीचं पोलकं, दोन्ही हातात जाडजूड चांदीची कडी, त्यात निळेहिरवे खडे, गळ्यात मोठी माळ. मला वाटलं ही आपल्याकडचीच कोणी तांड्यावरची आजी आहे की काय. मग शोधत गेले आणि एका साइटवर "नवाहो इंडियन स्टाइल सिल्व्हर ब्रेसलेट" १,४९९ ला दिसलं, घेतलं. सहा दिवसात आलं. हातात घेतल्याबरोबर कळलं की काहीतरी गडबड आहे, इतकं हलकं की फुंकलं तर उडेल. तरी घातलं. तीन आठवड्यात मनगटावर हिरवा पट्टा, आणि एक दिवस शिवणयंत्राच्या चाकाला घासलं तर खड्याचा निळा रंग निघून खालून पांढरं दिसायला लागलं. मग मी नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेऊन खड्यावर चोळलं, कापूस निळा. हावलाइट नावाचा एक पांढरा मऊ दगड असतो, त्यात राखाडी रेघा असतात, तो रंगवून फिरोजा म्हणून खपवतात असं नंतर वाचलं. माझा तोच होता की नुसतं प्लास्टिक होतं देव जाणे. परत करायची मुदत संपली होती आणि कस्टमर केअरवाला म्हणे मॅडम आम्ही स्टाइल लिहिलं होतं. आता ह्यावर काय बोलणार.

गंमत पाहा, आपण इकडे जन्माचे इंडियन, ते लोक तिकडचे आदिवासी पण कोलंबसाच्या चुकीमुळे त्यांनाही इंडियनच म्हणतात, आणि माझ्या घरी आलेलं इंडियन ब्रेसलेट ह्या दोघांपैकी कोणाच्याच हातचं नव्हतं. अमेरिकेत ह्यावर कायदाच आहे, १९९० चा. मान्यताप्राप्त जमातीच्या माणसानं न बनवलेली वस्तू इंडियनांनी बनवली म्हणून विकली तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. आणि तो नुसता कागदावर नाही, २०१८ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्क शहराच्या एका ज्वेलरीवाल्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, फिलिपिन्समधून माल आणून तिथल्या आदिवासींचा म्हणून विकायचा. आपल्याकडे पैठणीच्या नावावर काय काय विकतात ते आठवा आणि विचार करा कोणी सहा दिवस तरी आत गेलं का.

बहिणीचा मुलगा त्याच अल्बुकर्कला नोकरीला आहे. त्याला फोनवर हे रडगाणं सांगितलं तर पोट्टा हसला आणि म्हणाला, "मावशी, थांब तू, मी दिवाळीला आणतो खरं, तू आता काही ऑर्डर करू नको." तिकडचे लोक अल्बुकर्कपासून शंभरेक किलोमीटरवर सांता फे नावाच्या गावाला सुट्टीत जातात. तिथं एक जुना मातीचा वाडा आहे, पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स, १६१० पासूनचा. त्याच्या समोरच्या लांब ओसरीत आदिवासी कारागीर भिंतीला पाठ लावून, जमिनीवर कापड अंथरून ओळीनं बसतात. अगदी आपला आठवडी बाजार. सकाळी चिठ्ठ्या काढून जागा ठरतात म्हणे, म्हणजे हीच चांगली जागा माझ्या बापाची असा प्रकार नाही. तिथल्या म्युझियमचा तो कार्यक्रम आहे आणि नियम कडक, वस्तू स्वतः किंवा घरच्यांनीच बनवलेली पाहिजे, त्यावर बनवणाऱ्याची खूण पाहिजे. दलाल नाही, दुकानाचं भाडं नाही.

भाच्यानं तिथं बसलेल्या एका नवाहो बाईकडून घेतलं. आणि ह्यानं काय केलं, आपल्या सवयीनं घासाघीस केली, १८० चं १२० ला द्या म्हणाला. ती बाई काही बोलली नाही, नुसतं कडं परत कापडावर ठेवलं आणि दुसरीकडं पाहायला लागली. हा तिथं दोन मिनिटं लाजून उभा आणि मग गपचूप १८० मोजले. नंतर मात्र तिनं सगळं व्यवस्थित सांगितलं, खडा ॲरिझोनातल्या किंगमन खाणीचा आहे, आणि तो स्टॅबिलाइज्ड आहे हे तिनं न विचारता सांगितलं. म्हणजे काय तर फिरोजा मुळात मऊ, बारीक छिद्रांचा दगड, त्यात दाबानं राळेसारखं रसायन भरून घट्ट करतात. रंग त्याचा स्वतःचाच असतो. बाजारातला बहुतेक फिरोजा असाच असतो आणि त्यात काही खोटं नाही, फक्त सांगून विकायला पाहिजे. ज्या बाईनं स्वतःच्या मालाची कमी बाजू आधी सांगितली तिच्या चांदीवर मला तेव्हा शंका घ्यावीशी वाटली नाही.

आता वस्तू कशी आहे ते. कडं उघड्या तोंडाचं, मागून इंचभर फट. मधे बोराएवढा एक खडा, लंबगोल, आकाशी निळा आणि त्यात तपकिरी-काळ्या रेघांचं जाळं. खड्याभोवती पातळ चांदीची भिंत, तिच्या काठाला करवतीसारखे बारीक दाते, ते खड्यावर दाबून बसवलेले. त्याभोवती दोन तारा एकमेकीत पिळून फिरवलेल्या. दोन्ही बाजूंना चांदीचे टपोरे दाणे, आणि मग टोकांपर्यंत ठशांची नक्षी, अर्धचंद्र, रेषा, परत अर्धचंद्र. नक्षीच्या खोलगट भागात मुद्दाम काळं ठेवलेलं, उंचवटे चकचकीत. आत बाजूला दोन अक्षरं आणि स्टर्लिंग असा शिक्का. एवढंच. फार नाजूक वगैरे नाही, पाहिल्यावर शेतातल्या माणसाच्या हातात शोभेल असं आहे, आणि मला तेच आवडलं.

तालुक्याच्या सराफ्यात आमचे घरचे सोनारकाका आहेत, सासऱ्यांच्या वेळपासूनचे, त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी पहिले काही न बोलता काट्यावर ठेवलं. ३८ ग्रॅम आणि वर थोडं, खडा धरून.

"केवढ्याले घेतलं सुनबाई?"

मी सांगितलं. ते चष्म्यावरून माझ्याकडं पाहतच राह्यले. मोडीत आज ह्याचे चार हजाराच्या आतबाहेर येतील म्हणाले, खडा तं आम्ही वजनातून काढूनच टाकतो. मला एकदम वाईट वाटलं, खरं सांगते. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. उलटं करून पाह्यलं, कडेनं पाह्यलं, झाळ कुठं दिसते का ते नखानं चाचपलं.

"हे डायचं काम नाई. हे पाय, हा ठसा खोल बसला, हा जरासा उथळ. हरेक वेळेस हातोडी येगळी पडली. अन् झाळ किती साफ हाय."

मग आत गेले आणि एक पत्र्याचा डबा आणला, त्यात त्यांच्या वडिलांचे ठसे, पंधरा-वीस असतील, गंजलेले. वडील गोठावर आणि पाटल्यांवर हातानं ठोकायचे. आता काका फक्त विकतात, पैंजण हुपरीहून येतात, बाकी माल कुठून कुठून येतो, दुकानात भाता नाही की मूस नाही, पोरगा मोबाईलवर भाव पाहतो. मी त्यांना सांगितलं की तिकडचे सोनार ठसेसुद्धा स्वतः बनवतात, जुन्या कानशी, छिन्नी, जे पोलाद हाती लागेल ते घासून त्यावर नक्षी कोरतात, आणि सुरुवातीच्या नक्ष्या त्यांनी मेक्सिकन लोकांच्या चामड्यावरच्या ठशांवरून उचलल्या. काका म्हणाले आमचा बापही कानशीचेच करत होता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि डबा परत आत गेला.

एक मात्र लक्षात ठेवा, माझ्या बाबतीत थोडक्यात वाचलं. काका आपलेपणानं म्हणाले, काळं पडलं ना खोबणीत, आण, दोन मिनिटात उजळून देतो, आणि हात त्या तेजाबाच्या वाटीकडं गेला. मी ओरडलेच. ते काळं मुद्दाम केलेलं असतं, त्यामुळंच नक्षी उठून दिसते, आणि तेजाबात फिरोजा गेला तर संपलाच. कोणत्याही सोनाराला असा दागिना दिला तर आधी सांगा, उजळायचं नाही, तापवायचं नाही.

घरी सासूबाईंनी वेगळाच मुद्दा काढला. शिक्का स्टर्लिंगचा म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि बाकी तांबं. "म्हंजे घटीचीच," म्हणाल्या. त्यांचं म्हणणं चांदी म्हणजे दाताखाली दबली पाहिजे. मी समजावलं की उघडं कडं शुद्ध चांदीचं केलं तर दोन दिवसात वाकून जाईल, तांब्यानं कडकपणा येतो. त्यांना पटलं नाही. मग मी म्हटलं, तुमच्या माळेतले राणीछाप रुपये तरी कुठं शुद्ध आहेत, त्यातही ९१.७ टक्केच चांदी. ह्यावर दोन दिवस अबोला.

पण त्या रुपयांवरूनच मला हे सगळं जवळचं वाटायला लागलं. कारण नवाहो लोकांची चांदी सुरुवातीला खाणीतून नाही, नाण्यांतूनच आली. अमेरिकन डॉलर आणि मेक्सिकन पेसो, डॉलरच्या नाण्यात ९० टक्के चांदी, ती मुशीत वितळवून ठोकायची. हे लोक स्वतःला दिने म्हणतात, नवाहो हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. त्यांचा पहिला चांदीकाम करणारा म्हणून अत्सिदी सानी ह्याचं नाव घेतात, तो आधी लोहार होता, घोड्याच्या लगामाचं लोखंड करायचा, मेक्सिकन लोहाराकडून शिकलेला. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्यानं ह्या लोकांना घरदार जाळून शेकडो मैल पायी चालवत बॉस्क रेडोंडो नावाच्या छावणीत नेलं, हजारो माणसं, वाटेत आणि छावणीत कितीतरी मेली. १८६८ च्या तहानंतर परत आपल्या मुलखात यायला मिळालं आणि त्यानंतरच्या वर्षांत चांदीचं काम घराघरात पसरलं. चांदीत फिरोजा बसवायला लागले ते १८८० च्या आसपास. म्हणजे आपण समजतो तसं ही हजारो वर्षांची कला नाही, फिरोजाचे मणी मात्र त्या भागात फार जुने.

आणि गहाण. हे वाचलं तेव्हा मी शिवण बाजूला ठेवून बसले. त्यांच्या मुलखात ट्रेडिंग पोस्ट नावाची दुकानं होती, गनाडो गावचं हबेल ट्रेडिंग पोस्ट १८७८ पासूनचं अजून उभं आहे. नवाहो लोक मेंढ्या पाळणारे, पैसा हातात यायचा वर्षातून दोनदा, वसंतात लोकर विकली की आणि पुढं कोकरं विकली की. मधल्या काळात पीठ, साखर, कॉफी उधार, आणि त्यासाठी माळ, पट्टा, कडी दुकानदाराकडं गहाण. लोकर आली की सोडवायची. मुदतीत नाही सोडवली तर ती विकायला निघायची, तिला तिकडं डेड पॉन म्हणतात, मेलेलं गहाण. म्युझियममध्ये आणि लिलावात जी जुनी सुंदर माळ लोक वाहवा करत पाहतात ती कितीदा कोणाच्या तरी अडचणीच्या वर्षातली असते. आमच्याकडं मृगाच्या आधी काय चालतं ते कोणाला सांगायला नको, आईचे गोठ दर जूनमध्ये जायचे आणि कापूस विकला की जानेवारीत यायचे, आणि एका वर्षी बोंडअळीनं असं केलं की आलेच नाहीत. त्यांच्याकडं एक मात्र चांगलं होतं, धार्मिक कार्य असलं की दुकानदार गहाण दागिना घालायला देत असे आणि माणूस कार्य झालं की परत आणून देत असे. आमच्या सावकारानं मावशीच्या लग्नाला चार दिवसांसाठी गोठ मागितले तर काय उत्तर दिलं होतं ते मी इथं लिहू शकत नाही. तसे तिकडचेही सगळे दुकानदार काही साधू नव्हते, फसवणुकीच्या इतक्या तक्रारी झाल्या की १९७० च्या दशकात सरकारनं नियम आवळले आणि गहाणाचा धंदा गॅलपसारख्या बाहेरच्या गावांत सरकला.

आता वापराचं. दहा महिन्यात मी हे कडं शिवताना, बाजारात, लग्नात, सगळीकडं घातलं, वेचणीला मात्र एकदाच घातलं आणि तोबा. टोकं पदरात अडकतात, बोंडाच्या काट्यात तर अडकतातच. काचेच्या बांगड्यांसोबत घालू नका, दोन फुटल्या माझ्या आणि चांदीवर ओरखडे आले ते वेगळे. उन्हाळ्यात गाडीवर यवतमाळला गेले, मे महिना, कडं इतकं तापलं की पदराखाली झाकून बसले. घालायची पण रीत आहे, समोरून फाकवून घालायचं नाही. मनगटाच्या कडेनं, जिथं हाड बारीक असतं तिथून आत सरकवायचं आणि मग फिरवायचं. दर वेळेस फाकवलं आणि दाबलं तर चांदी थकते आणि एक दिवस मधून चीर जाते. माझ्या जावेनं पहिल्याच दिवशी दोन्ही हातांनी फाकवलं होतं, मी काही बोलले नाही पण नंतर कोणालाच घालायला दिलं नाही.

पाण्याचं जपा. फिरोजा तेल, हळद, साबण, घाम सगळं पितो आणि निळ्याचा हिरवा होत जातो, स्टॅबिलाइज्ड असला तर कमी, नुसता असला तर जास्त. आणि जुन्या पद्धतीच्या कामात खड्याखाली आधाराला लाकडाचा भुसा भरत असत, त्यात पाणी गेलं की भुसा फुगतो आणि खडा वर उचलतो. माझ्यात खाली काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही आणि मी उघडणार नाही. आपल्याकडं चांदी रिठ्याच्या पाण्यात उकळतात किंवा चिंचेनं घासतात, ते ह्याला अजिबात करू नका. नुसतं कोरड्या मऊ कापडानं पुसायचं. फवारणीच्या दिवसात घरात गंधकाची पावडर असली तर कडं दुसऱ्या खोलीत, झाकणाच्या डब्यात ठेवा, माझं तीन दिवसात काळंठिक्कर पडलं होतं आणि मी उगाच त्या बाईवर शंका घेतली.

लोक नक्षीचा अर्थ विचारतात. अर्धचंद्र म्हणजे काय, दाणे म्हणजे काय. मी पहिले नेटवरून शोधून सांगायचे, हे पाऊस, हे मार्ग. नंतर कळलं की त्या अर्थांच्या याद्या बऱ्याचशा व्यापाऱ्यांनी टुरिस्टांसाठी छापल्या होत्या, रेल्वेनं येणारे लोक गोष्ट असलेला दागिना लवकर घेतात म्हणून. त्या काळात रेल्वेच्या वाटेवर हॉटेलं चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीनं १८९९ पासून हलक्या वजनाचे दागिने मुद्दाम टुरिस्टांसाठी करून घेतले. त्यामुळं आता मी सांगते, नक्षी आहे, छान दिसते. पण एक गोष्ट मात्र खरीच आहे आणि आमच्या गावात सगळ्यांना तीच आवडली. त्यांच्या जुन्या कड्यांवर स्वस्तिकासारखी खूण असायची, त्यांच्याकडं तिला फिरणारे ओंडके म्हणतात, चांगली शुभ खूण. जर्मनीत हिटलरनं जे केलं ते पाहून १९४० मध्ये नवाहो, होपी आणि आणखी दोन जमातींनी जाहीर करून ती खूण आपल्या कामातून काढून टाकली. सासूबाईंना हे सांगितलं तर उंबरठ्यावरच्या आपल्या स्वस्तिकाकडं पाहून म्हणाल्या, "कोन्या दुसऱ्याच्या पापापायी आपली चीज सोडा लागली बिचाऱ्यायले."

नवाहो आणि बाकीच्या जमातींच्या कामात गल्लत करू नका, दुकानदारही करतात. झुनी लोकांचं काम बारीक खड्यांचं, सुईसारखे, तांदळासारखे खडे ओळीनं बसवलेले, ते पाहिलं की आपल्या कुंदनची आठवण येते. होपींचं बहुतेक खड्याशिवाय, चांदीच्या दोन पत्र्यांपैकी वरच्यात नक्षी कापून खालचा काळा दिसू द्यायचा. नवाहो काम म्हणजे चांदी जाड, खडा मोठा, ठसे ठसठशीत. मला तिघांतलं हेच आवडलं पण माझी नणंद झुनीवर जीव टाकून बसली आहे, तिचे फोटो रोज येतात.

घ्यायचं असेल तर एवढं पाहा. नाव आणि खूण विचारा, आणि बनवणारा कुठला ते विचारा, खरा विकणारा सांगतो. खडा कोणत्या खाणीचा आणि नैसर्गिक का स्टॅबिलाइज्ड ते विचारा. स्लीपिंग ब्यूटी म्हणून एक स्वच्छ निळा, बिनरेघांचा खडा असतो, ती खाण २०१२ मध्ये बंद झाली, त्यामुळं कोणी ढिगानं आणि स्वस्तात देत असेल तर पुढं चला. लोहचुंबक लावा. जड आहे का पाहा. आणि भाव वजनावर लावू नका, लावला तर घेऊच नका, आपलं समाधान होणार नाही. डबा, कागद, सर्टिफिकेट वगैरेची अपेक्षा नको, माझं कडं वर्तमानपत्रात गुंडाळून आलं आणि बाईनं कागदाच्या कपट्यावर हातानं लिहून दिलं, तेवढंच.

बाजाराच्या दिवशी तांड्यावरची एक म्हातारी माझ्याकडं ब्लाउजचं माप द्यायला आली होती, अजून घुगरी-टोपली हे बंजारा बायकांचे दागिने घालणारी, आता अशा दोन-तीनच उरल्यात. तिनं न विचारता माझा हात धरला, कडं काढून घेतलं, तळहातावर दोनदा वरखाली केलं, अंगठ्यानं आतून काठ फिरवून पाह्यला, काठ गोल घासलेला आहे का टोचतो ते. मग मान हलवली आणि स्वतःच्या हातानं, कडेनं सरकवून, बरोबर मला घालून दिलं. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं किंमतही विचारली नाही, दहा महिन्यात ती एकटीच.

राह्यली अंगठी. नंबर चुकला, मला ढिली झाली. लहान करायची तर चांदी तापवावी लागते आणि त्या आचेत फिरोजा तडकतो नाहीतर रंग जातो, खडा काढून परत बसवायचा तर सोनारकाका म्हणाले माझ्या हातात आता तो कस नाही, तुझ्या दाते असलेल्या कोंदणाची मी वाट लावीन. म्हणून एक स्टार कापते आहे, घेणाऱ्यानं बोटाचं माप दोऱ्यानं नीट घेऊन पाठवावं. पण अंगठी वाया गेली नाही, अबोला संपल्यावर सासूबाईंनी सहज घालून पाह्यली आणि त्यांना ती बरोबर बसली. तेव्हापासून बोटातच आहे. भांडी घासताना, कणीक मळताना, शेणाचा सडा टाकताना. मी दहादा सांगितलं, आई, काढून ठेवत जा, खडा हिरवा पडून राह्यला. त्यांनी बोट उन्हात धरून पाह्यलं, म्हणाल्या, "निया होता काय पहिले? मले तं हिरवाच वाटला होता." भाच्यानं फोनवर सांगितलं की नवाहो भाषेत निळ्याला आणि हिरव्याला एकच शब्द आहे. तेही त्यांना सांगितलं. म्हणाल्या मंग बराबर हाय, आणि राखेत हात घालून तवा घासायला बसल्या.